बोटीवरचं नाव

परत जायचं ठरलं तेव्हा ग्रुपवर पहिला प्रश्न आला, न्यायचं काय? मध्ये वीस वर्षं झाली. २००५ च्या जानेवारीत आम्ही अकरा जण गेलो होतो, आता सहाच जमणार होतो, एकाचे गुडघे गेलेत, एकीची मुलगी बारावीला, दोघं अमेरिकेत आणि एक जण या जगातच नाही. तरी पहिला प्रश्न तोच, रिकाम्या हाताने कसं जायचं. कोणी मिठाई सुचवली, कोणी वह्या-दप्तरं (अरे, ती पोरं आता पंचविशीच्या पुढे गेलीत ना), आणि मग कोणीतरी लिहिलं "जुने कपडे?" आणि त्याखाली हसण्याच्या इमोजींची लाईनच लागली.

त्या हसण्याला कारण आहे, ते आधी सांगते.

२६ डिसेंबर २००४, सुनामी आली तो दिवस, रविवार होता. टीव्हीवर सुरुवातीला चेन्नईचा मरीना बीच दिसत होता, मग नागपट्टिणम हे नाव यायला लागलं आणि मग येतच राहिलं. तमिळनाडूत जवळपास आठ हजार माणसं गेली आणि त्यातली सहा हजारांवर एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. आम्ही तेव्हा बाविशी-तेविशीतले, कॉलेज नुकतं संपलेलं. भूजच्या भूकंपाला जायचं राहून गेलं होतं. हे वाक्य आज लिहितानाही कसंतरीच होतं, पण खरंच असंच बोलायचो आम्ही, 'राहून गेलं', जसं काही ट्रेक राहून गेला. तर या वेळी जायचंच असं ठरवून आठ दिवस पुण्यातल्या सोसायट्या पालथ्या घातल्या, कपडे गोळा केले, एका मित्राच्या वडिलांनी ट्रक दिला, तो पुढे पाठवला आणि आम्ही रेल्वेने चेन्नई आणि तिथून बसने खाली. पुदुच्चेरी, कडलूर, चिदंबरम करत बस जात होती, एका बाजूला हिरवीगार भातशेती, आणि कुठे काही झालंय असं वाटेचना, आणि मग एका वळणानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपडे दिसायला लागले.

आधी कळलंच नाही काय आहे ते. ढीग. अर्धा-अर्धा किलोमीटर नुसते कपड्यांचे ढीग, दवाने भिजलेले, चिखलात तुडवलेले. देशभरातून ट्रक येत होते, ज्याला जिथे जागा दिसेल तिथे माल उतरवून परत जात होते. त्या ढिगात मी जरीची शेरवानी पाहिली, लहान मुलांच्या लोकरीच्या टोप्या पाहिल्या (नागपट्टिणममध्ये, जिथे जानेवारीतही दुपारी घाम येतो), एका पायाचा बूट पाहिला. आणि तिसऱ्या दिवशी आमचा स्वतःचा माल दिसला. जांभळा स्वेटर होता एक, मी स्वतः घडी घालून खोक्यात ठेवलेला, त्याच्यावर बकरी बसली होती. एवढी निवांत बसली होती की हाकलवेना.

लोक घालत नव्हते ते कपडे. आमच्यातल्या एकाला राग आला होता, "एवढं सगळं गेलंय आणि वर नखरे", हे त्याचे शब्द, आणि खोटं कशाला बोलू, मलाही मनातून तसंच वाटलं होतं. तेव्हा आमच्याबरोबर जे मास्तर होते त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. म्हणाले, तुम्ही या लोकांना गरीब समजून आलात. हे गरीब नाहीत, यांचं सगळं गेलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिनाभरापूर्वी यांच्यातल्या कित्येकांची एका दिवसाची कमाई तुमच्या वडिलांच्या पगारापेक्षा जास्त असायची.

मास्तरांबद्दल सांगायलाच हवं. तंजावरचे रिटायर्ड शिक्षक, घरात मराठी बोलणारे, म्हणजे भोसल्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेलेल्या घरांपैकी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि मधूनच असा एखादा शब्द यायचा की तो आमच्या पणजीने वापरला असेल. एका ओळखीतून त्यांचा फोन नंबर मिळाला, ते आपणहून बस पकडून आले आणि नऊ दिवस आमच्याबरोबर राहिले. आम्ही पाच-पाच मिनिटं बोलायचो, आम्ही कोण, कुठून आलो, का आलो, आमची भावना काय, आणि मास्तर त्याचं तमिळ करायचे चार शब्दांत. एकदा मी विचारलं की मास्तर, तुम्ही नक्की काय सांगितलं त्यांना? म्हणाले, सांगितलं, लांबून आलेत, जेवलेले नाहीत.

एका संध्याकाळी ते आम्हाला नागूरच्या दर्ग्यात घेऊन गेले आणि तिथला सगळ्यात उंच मिनार दाखवला, एकशे एकतीस फुटांचा, आणि म्हणाले हा आपल्या प्रतापसिंह महाराजांनी बांधून दिलाय. आपल्या म्हणजे तंजावरच्या मराठ्यांनी, अठराव्या शतकात. त्या दर्ग्याच्या जमिनीत त्या आठवड्यात हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, ज्याचं जे प्रेत मिळेल ते पुरलं होतं. आम्ही मिनाराकडे बघत होतो आणि मास्तर खाली जमिनीकडे.

गावाचं नाव मी लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. नागपट्टिणमच्या वरच्या अंगाला किनाऱ्यावरचं एक कुप्पम, म्हणजे कोळीवाडाच. आम्ही ते गाव निवडलं कसं तर बस तिथे थांबली म्हणून. नागपट्टिणम शहरात जानेवारीच्या सुरुवातीलाच संस्थांनी कलेक्टर ऑफिसच्या मदतीने एक समन्वय केंद्र उघडलं होतं, कुठल्या गावात कोण काय करतंय, कुठे काय कमी आहे, सगळी नोंद तिथे. आम्हाला हे पाचव्या दिवशी कळलं. तोवर आम्ही त्या गावात बिस्किटं वाटत होतो आणि आमच्या आधी तिघं बिस्किटंच वाटून गेले होते.

काम केलं, नाही असं नाही. ढिगारा उपसला, नाले मोकळे केले, ब्लीचिंग पावडर टाकली, तात्पुरत्या शेडपर्यंत वाळूची पोती टाकून पायवाट केली. त्या शेड डांबरी पत्र्याच्या होत्या, दहा बाय बाराच्या आसपास, ओळीने, आणि दुपारी आत अक्षरशः भाजायचं, बायका पोरांना घेऊन बाहेर झाडाखाली बसायच्या. आणि संध्याकाळी ऐकायचं. ऐकायला मास्तर लागायचे आणि कधीकधी मास्तर भाषांतर थांबवायचे, गप्पच बसायचे, मग आम्हीही.

सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजायचे होते. लाट तिथून तमिळनाडूला पोचायला दोन-अडीच तास लागले. अडीच तास! आज हे लिहिताना हातातल्या फोनकडे बघते आणि तो वेळ किती मोठा आहे ते जाणवतं. तेव्हा हिंद महासागरात सुनामीची सूचना द्यायची यंत्रणाच नव्हती, गावात तर तो शब्दच कोणी ऐकला नव्हता. 'कडल पोंगिडुच्चु' म्हणायचे, समुद्र उतू गेला, दुधासारखा. जे पुरुष आत समुद्रात होते त्यांना काही कळलंच नाही, खोल पाण्यात ती लाट हात-दीड हात उंचीची असते, होडीखालून निघून जाते. ते मासे घेऊन परत आले तेव्हा किनाऱ्यावर गाव नव्हतं. आणि किनाऱ्यावर होत्या त्या बायका, होड्या येण्याची वाट बघत, लिलावाला टोपल्या घेऊन, आणि रविवार म्हणून वाळूत क्रिकेट खेळणारी पोरं. म्हणून बायका आणि पोरं जास्त गेली.

एक अक्का होत्या. त्यांच्या दोन मुली गेल्या, नऊ आणि सहा वर्षांच्या. मिस्टर आत समुद्रात होते म्हणून वाचले, त्या स्वतः कशा वाचल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला बघून एकच शब्द उच्चारला, "साप्टिया?" जेवलीस का. मी मान डोलावली, म्हणजे हो असं, खरंतर नव्हते जेवले. त्यांनी ओळखलं. सरकारी मदतीच्या तांदळाचा भात आणि नुसतं चिंचेचं पाणी, ते त्यांनी मला समोर बसवून खायला लावलं. मदत करायला गेलेली मी.

आता बोटी.

पुण्याला परतलो ते पेटूनच. मे महिन्यापर्यंत पैसे जमवले, ऑर्केस्ट्रा ठेवला, दारोदार फिरलो, आणि ठरवलं की द्यायच्या तर बोटीच द्यायच्या. म्हणजे माणूस परत आपल्या पायावर उभा राहील वगैरे. चार फायबरच्या बोटी, इंजिन आणि जाळ्यासकट. तेव्हा सगळ्यांनाच बोटी द्यायच्या होत्या. बोट दिसते, बोटीचा फोटो येतो, बोटीवर नाव लिहिता येतं. पूर्वी त्या गावात बहुतेक कट्टुमरम होती, कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड, चार-पाच ओंडके काथ्याने बांधलेले, त्यावर बसून ही माणसं समुद्रात जायची (इंग्रजांनी तोच शब्द उचलला आणि आपण आता त्याला कॅटामरान म्हणून गोव्यात पैसे देऊन बसतो). कट्टुमरम कोणी दिली नाही. ओंडके देणार कोण, त्याच्यावर नाव कुठे रंगवणार.

मास्तरांनी विचारलं होतं फोनवर. लाटेच्या आधी गावात फायबरच्या बोटी किती होत्या आणि आता किती आल्यात, मोजल्या का? नव्हत्या मोजल्या.

हे गणित मला नंतर, खूप नंतर कळलं. एका बोटीवर चार-पाच माणसं लागतात. मिळकतीचे वाटे पडतात, त्याला पंगु म्हणतात, बोटीचा एक, इंजिनचा, जाळ्याचा, आणि उरलेलं जाणाऱ्यांत वाटून. म्हणजे चार माणसं दुसऱ्याच्या बोटीवर जातात तेव्हा एक बोट चालते. जो तो मालक झाला की जाणार कोण? आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावर नव्याकोऱ्या बोटी अशा लागल्या होत्या की स्टँडवर रिक्षा लागतात, पूर्वीपेक्षा दुपटीच्या वर नक्कीच. मग काय झालं, तर माणूस मिळेना म्हणून शाळेतली पोरं बोटीवर जायला लागली. आमच्या चारपैकी एक बोट तर सुरूच्या झाडांखाली नेऊन पालथी घातली ती तशीच राहिली, इंजिन विकलं गेलं. आणि वाटप कसं झालं, तर गावाच्या पंचायतीने केलं, म्हणजे सरकारी ग्रामपंचायत नव्हे, कोळ्यांची स्वतःची, जुनी. जे घर पंचायतीची वर्गणी भरतं ते यादीत. वर्गणी पुरुषाच्या नावावर. ज्या घरातला पुरुष लाटेत गेला त्या घरातली बाई यादीच्या बाहेर. आम्ही त्या यादीवर सह्या केल्या आणि फोटो काढले. पंचायतीला नावं ठेवणं सोपं आहे, त्यांच्या पद्धतीत समुद्रावरून आलेलं सगळं सारखं वाटायची रीत होती आणि ती रीत एरवी त्या गावाला धरून ठेवत होती, पण आम्हाला विचारता आलं असतं. एक प्रश्न. ज्यांच्या घरात पुरुष नाही त्यांचं काय. नाही विचारला, घाई होती, परतीचं रिझर्वेशन होतं.

आणि नाव. आमच्यातला एक जण (तोच, जो आता नाही) अक्षर फार सुंदर काढायचा, गणपतीत मंडळाचे बोर्ड तोच रंगवायचा. त्याने दोन दिवस उन्हात बसून चारही बोटींच्या नाकाडाच्या बाजूला भगव्या ऑईलपेंटने लिहिलं, 'सप्रेम भेट, मित्रपरिवार, पुणे'. त्याचा 'प्र' बघण्यासारखा असायचा, खालचा फराटा असा लांब ओढायचा. पोरं घोळका करून बघत होती. त्या आख्ख्या गावात देवनागरी वाचता येणारा एकही माणूस नव्हता. हे आमच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. आम्ही लिहिलं, आम्हीच वाचलं, फोटो काढून पुण्याला आलो आणि पेपरात छापून आणलं.

२००७ च्या डिसेंबरात आम्ही तिघी गेलो. पक्की घरं झाली होती तोवर, किनाऱ्यापासून आत, त्यांना सगळे सुनामी क्वार्टर्स म्हणतात, अजूनही. सव्वातीनशे स्क्वेअर फूट, दीड लाखाचं घर, नवरा-बायको दोघांच्या नावावर. ते दोघांच्या नावावर करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं त्या सगळ्या कारभारात. पण जाळं, इंजिन, डिझेलचा कॅन हे सगळं रोज पहाटे खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर न्यायचं आणि परत आणायचं, आणि समुद्र दिसत नाही, वारा कुठला वाहतोय ते कळत नाही, अशी पुरुषांची तक्रार. बायकांची तक्रार नव्हती. एक बाई म्हणाल्या, दिसत नाही तेच बरं.

त्या वेळी अक्कांच्या कडेवर एक बाळ होतं. आठ-नऊ महिन्यांचं. मी बघतच राहिले, कारण दुसऱ्या मुलीनंतर त्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, मुलं बंद व्हायचं, हे मला माहीत होतं. मास्तरांनी हळूच सांगितलं. ज्या बायकांची पोरं लाटेत गेली आणि आधी ऑपरेशन झालेलं होतं, त्यांच्यासाठी सरकारने नळ्या परत जोडायची शस्त्रक्रिया फुकट केली होती. सगळ्यांना यश आलं असं नाही. अक्कांना आलं. मुलगा. मला काय बोलावं सुचेना, मी आपली त्या बाळाचे पाय धरून उभी. अक्का म्हणाल्या, हा सुनामीनंतरचा. त्या गावात सगळंच असं मोजतात, सुनामीच्या आधी, सुनामीच्या नंतर, जसं आपल्याकडे पानशेतच्या पुराआधी आणि नंतर असं म्हणणारी पिढी होती.

नंतर जाणं झालं नाही. नोकरी, लग्न, नेहमीचंच. फोन चालू राहिला, म्हणजे मास्तरांमार्फत, आणि मग अक्कांचा मुलगा थोडा मोठा झाल्यावर त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत. ११ एप्रिल २०१२ ला दुपारी ऑफिसात बातमी फ्लॅश झाली, सुमात्राजवळ परत ८.६ चा भूकंप, भारताच्या किनाऱ्याला इशारा. तोवर हैदराबादला सुनामीचं इशारा केंद्र झालेलं होतं, २००७ पासून. मी लगेच फोन लावला. अक्कांनी उचलला, मागे नुसता धावण्याचा आवाज, माणसं ओरडतायत, कुत्री भुंकतायत, आणि त्या धापा टाकत मला काहीतरी सांगत होत्या, मला तमिळ कळत नाही आणि त्यांना माझं काही कळत नव्हतं, तरी दोघी बोलत राहिलो. पोराला कडेवर घेऊन हायवेपर्यंत पळाल्या होत्या. लाट आली नाही. तो भूकंप आडव्या सरकण्याचा होता, समुद्राचा तळ वर उचलला गेला नाही, म्हणून आली नाही. रात्री मास्तर म्हणाले, आज पळायला कळलं एवढंच पुरे आहे.

मास्तर २०१६ मध्ये गेले. २०१८ च्या नोव्हेंबरात गाजा वादळ आलं, वेदारण्यमकडे जमिनीवर चढलं, त्यात नारळाच्या बागाच्या बागा झोपल्या आणि किनाऱ्यावरच्या बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या. त्या वेळी आम्ही पैसे पाठवले. कपडे नाही पाठवले, बोट नाही पाठवली, आधी फोन करून विचारलं काय हवंय, तर ताडपत्री आणि डास मारायची कॉईल. एवढं शिकायला तेरा वर्षं लागली.

तर, डिसेंबर २०२४. सहा जण, सगळ्यांचे केस पिकलेले किंवा रंगवलेले. शेवटी मिठाईच नेली, चितळ्यांची बाकरवडी पण. बसस्टॉपवर अक्कांचा मुलगा घ्यायला आला, साडेसतरा वर्षांचा, पॉलिटेक्निकला आहे, गालावर कोवळी दाढी. त्याला समुद्रावर जायचं नाहीये, सिंगापूरला जायचंय. त्याचे वडील जातात अजून. बोटी पुष्कळ कमी झाल्यात, ज्या आहेत त्या नव्या, मोठ्या. मासा कमी झालाय म्हणतात, मोठ्या लाँचवाल्यांशी आणि सुरुक्कुमडीवाल्यांशी (माशांच्या थव्याला वेढा घालून ओढायचं मोठं जाळं) भांडणं चालू असतात, आणि श्रीलंकेच्या हद्दीचं टेन्शन वेगळंच. सगळं बोलणं त्या पोराच्या फोनवरच्या ॲपमधून चाललं होतं, ते ॲप मध्येच सुरमईला 'राजाचा मासा' म्हणायचं, मग मीच वंजरम-वंजरम म्हणून सांगितलं तर सगळे हसले.

२६ तारखेला सकाळी कोणी समुद्रावर गेलं नाही. बायका घागरी घेऊन आल्या, दूध ओतलं पाण्यात, फुलं सोडली, काही जणी रडल्या, बऱ्याचशा नाही रडल्या. अक्का लांब वाळूवर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मी खुणेनेच विचारलं, तुम्ही नाही? त्या फोनमध्ये काहीतरी बोलल्या, पोराने ऐकलं, जरा थांबला, मग इंग्रजीत सांगितलं. म्हणतेय, सगळे तिला आई म्हणतात, कडल अम्मा. माझ्या दोघींना खाल्लं तिने. तिला मी दूध पाजू?

आणि मग लगेच, "साप्टिया?" मी म्हटलं नाही, खरं सांगून टाकलं या वेळी.

जेवायला नेलं ते त्यांच्या शेजारी तात्तांकडे, कारण सहा जण अक्कांच्या घरात मावलो नसतो. तात्ता म्हणजे आमच्या चारपैकी एका बोटीचे मालक, तेव्हा पन्नाशीचे, आता सत्तरीच्या पुढे. डोळ्यात मोतीबिंदू. दाराच्या बाजूला भिंतीला टेकवून, दोन विटांवर, फायबरचा एक तुकडा उभा केलेला होता, साधारण माझ्या कमरेपर्यंत, कडा करवतीने कापलेल्या. निळा रंग उडालेला. त्याच्यावर हळद, चंदन आणि कुंकवाचे थरच्या थर, खाली वाळलेली झेंडूची माळ, उदबत्तीचं घर. मला वाटलं कुठल्या तरी अम्मनचं, म्हणजे देवीचं असेल. मग कुंकवाच्या खालून एक भगवा फराटा दिसला, लांब ओढलेला.

आमच्यातला एक जण तिथेच खाली बसला.

गाजात बोट फुटली तेव्हा तात्तांनी बाकीचं भंगारात दिलं आणि नाकाडाचा हा तुकडा कापून घरी आणला. वाचता येत होतं ते एवढंच, 'सप्रेम भे'. पुढचं गेलं. मुलाने तात्तांचं बोलणं सांगितलं, की बोट मिळाली तेव्हाच सगळे म्हणाले होते, हे उत्तरेकडच्या लोकांनी काशीचा वगैरे काहीतरी मंत्र लिहून दिलाय. म्हणून दर आयुधपूजेला आधी त्या अक्षरांना कुंकू, मग इंजिनला. चौदा वर्षं बोटीवर आणि नंतर सहा वर्षं दारात. एकदा वादळात चार माणसं सुखरूप परत आली ती त्याच्यामुळे, असं ते म्हणतात. आता तुम्ही आलाच आहात तर वाचून दाखवा, कुठल्या देवाचं आहे.

आम्ही सहाही जण एकमेकांकडे बघायला लागलो. खरं सांगते, माझ्या डोक्यात पटकन आलं होतं की दत्ताचं म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण समोर त्याचं अक्षर होतं, त्याने दोन दिवस उन्हात बसून काढलेलं, आणि वर नारळाच्या तेलात कालवलेलं कुंकू, आणि मला वाटलं की वीस वर्षांपूर्वी या माणसाला आपण काही विचारलं नाही, आता तो विचारतोय तर निदान खरं तरी सांगावं. मी मुलाला सांगितलं, देवाचं नाही. आमच्या मंडळाचं नाव होतं पुढे, ते गेलं. उरलंय त्याचा अर्थ फक्त, प्रेमाने दिलं. जोरात बोलले बहुतेक, कारण आतून अक्काही बाहेर आल्या, हातात भाताचा डाव.

मुलाने ॲप बंद केलं आणि स्वतःच तात्तांच्या कानाशी वाकून सांगितलं, एकच शब्द. "अन्बुडन्."

तात्तांनी हात लांब करून तो तुकडा चाचपला, नीट बसलाय का विटांवर ते बघितलं, थोडा सरकवला.

"अप्पो सरी," म्हणाले. मग ठीक आहे. आणि आम्हाला पानावर बसायला सांगितलं.